'कास्ट' पोर्तुगीज, जात कोणाची?

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातीही मोजायचे ठरवले आणि एक जुने वाक्य पुन्हा फिरू लागले. 'कास्ट हा शब्द आपला नाहीच मुळी. पोर्तुगीज आहे तो. आपल्याकडे वर्ण होते, ज्ञाती होत्या, कसबी लोकांचे गट होते. कास्ट ही गोऱ्यांची देणगी.' गोव्यात हे वाक्य अंमळ जास्त ऐटीत म्हटले जाते. साडेचारशे वर्षे फिरंग्याखाली काढल्यामुळे पोर्तुगीज शब्दांवर आपला घरचा हक्क आहे असे आपल्याला वाटते. त्यापुढचे वाक्य तर ठरलेलेच: मग ज्याचे नावच परके, ते मोजायचे कशाला?

शब्द पोर्तुगीज आहे हे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. आणि तो काढण्याचा अधिकार इतर कोणाला असलाच तर असो, गोमंतकीयांना नाही, असे माझे म्हणणे आहे. हा शब्द आपल्याच अंगणात रुजला. इथल्या पाद्र्यांनी, भाटकारांनी (जमीनदारांनी), गावकारांनी (गावच्या मूळ हक्कदारांनी) तो बिनतक्रार वापरला, काहींनी तर मिरवला. फिरंगी १९६१ साली बोटीत बसून गेला. ज्याला तो हे नाव देत होता ते मात्र इथेच राहिले.

आधी शब्दाची कुळकथा. इंग्रजी 'कास्ट' आला पोर्तुगीज आणि स्पॅनिश 'काश्ता'वरून. अर्थ वंश, कुळी, पैदास. घोड्याची काश्ता, कुत्र्याची काश्ता. पोर्तुगालात आजही द्राक्षाच्या वाणाला 'काश्ता'च म्हणतात, त्यामुळे तिथल्या वाइनच्या दुकानात हा शब्द कोणाच्याही भुवया न उंचावता उच्चारला जातो. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'शुद्ध' या अर्थाच्या 'कास्तुस'मध्ये आहे, असे पुष्कळ कोश सांगत आले. जुआन कोरोमिनास या स्पॅनिश व्युत्पत्तिकाराला ते पटले नाही. त्याने हा शब्द गॉथिक भाषेकडे नेला, प्राण्यांचा कळप किंवा एका वेतातली पिल्ले या अर्थाकडे. वाद मिटलेला नाही. पण शुद्धतेची व्युत्पत्तीच जास्त लोकप्रिय झाली यात नवल वाटायला नको. जातीच्या शब्दालासुद्धा चांगल्या घराण्यातला बाप हवा असतो!

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात 'वंश' या मोघम अर्थाने दिसतो. हिंदुस्थानातल्या जातींसाठी तो इंग्रज वापरू लागले सतराव्या शतकाच्या आरंभी, तेही पोर्तुगिजांचे ऐकून. 'फेकणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचे काही नाते नाही, जरी कित्येक वर्षे दोघांचे स्पेलिंग एकच होते. शेवटचे 'ई' हे अक्षर फ्रेंच वळणाने नंतर चिकटले.

पोर्तुगिजांनी तो इथे कसा वापरला? दोन कागद महत्त्वाचे आहेत आणि दोन्ही गोव्यातले. पहिला गार्सिया द ऑर्ताचा. हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या वनस्पती, औषधे, मसाले यांवर त्याने संवादांच्या रूपात जो ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आंबा, हिंग, फणस, भांग यांच्याबद्दल लिहिता लिहिता तो एके ठिकाणी नोंदवतो की इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही आणि चांभारांची म्हणून एक वेगळी 'काश्ता' असते. दुसरा कागद चर्चचा. १५६७ साली गोव्यात प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिच्या ठरावांत अशी तक्रार आहे की इथले हिंदू उच्चनीच 'काश्ता'ंमध्ये विभागलेले आहेत, ख्रिस्त्यांना ते खालच्या पायरीचे मानतात आणि वरच्या काश्ताचा माणूस खालच्याबरोबर खातपीत नाही.

हा दुसरा कागद नीट वाचावा. राज्य पोर्तुगिजांचे, तोफा पोर्तुगिजांच्या, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून सुरू झालेले. आणि तरीही राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूंचे गाऱ्हाणे असे, की हे लोक आम्हालाच कमी लेखतात. पंक्तीची ही रीत पोर्तुगिजांनी शिकवली असती तर तिच्या शेवटच्या पाटावर ते स्वतःहून जाऊन बसले असते का?

आता ऑर्ताकडे परत जायला हवे, कारण त्याच्या कथेतला दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. ऑर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. त्याचे आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले, मग पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती झालेले. अशांना तिकडे 'नवे ख्रिस्ती' म्हणत. त्या काळी स्पेन-पोर्तुगालात 'रक्ताची शुद्धता' ही रीतसर व्यवस्था होती. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या तरी ज्याच्या पूर्वजांत ज्यू किंवा मूर (मुसलमान) निघाला त्याला कित्येक पदे, संस्था, संन्यासी पंथ बंद. जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालच्या कायद्यातून निघायला १७७३ साल उजाडावे लागले. ऑर्ता १५६८ मध्ये वारला म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. पणजीच्या चर्चसमोरची बाग, जिला आपण म्युनिसिपल गार्डन म्हणतो, तिला याच माणसाचे नाव आहे.

इथल्या चांभारांची 'काश्ता' टिपणारा माणूस स्वतः रक्ताच्या हिशेबात मेल्यावरही सुटला नाही. म्हणून मला असे वाटते की पोर्तुगिजांना हा शब्द शोधावा लागला नाही. तो त्यांच्या खिशात होता. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणारी एक व्यवस्था ते घरी सोडून आले होते, इथे आल्यावर त्यांना दुसरी दिसली, आणि त्यांनी ओळखीचा शब्द उच्चारला. गोव्यातल्या स्वतःच्या लोकांनाही त्यांनी त्यातून वगळले नाही. पोर्तुगालात जन्मलेला गोरा तो 'रेइनोल', गोऱ्या आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला तो 'काश्तिसु', मिश्र रक्ताचा तो 'मेश्तिसु'. 'काश्तिसु' हा 'काश्ता'चाच सख्खा भाऊ. म्हणजे जुन्या गोव्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्यालाही जात होती आणि ती त्याला ठाऊक होती.

शब्दावरून वस्तूचा निवाडा करायचा म्हटले तर आपल्या घरातच चाचणी घेता येते. पगार पोर्तुगीज, लिलाव पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, तुरुंगसुद्धा त्यांच्या 'त्रोंकु'वरून आलेला. याचा अर्थ १५१० मध्ये गोवा फिरंग्याच्या हाती जाण्यापूर्वी कोणी मजुरी घेत नव्हते, घरांना कुलपे नव्हती, माणसे कोठडीत पडत नव्हती असा कोणी लावत नाही. उलट बटाटा आणि पाव यांच्या बाबतीत शब्द आणि वस्तू एकाच गलबतातून उतरले. तेव्हा शब्द परका निघाला म्हणजे चौकशी सुरू होते, ती संपत नाही. पुढचा प्रश्न विचारावा लागतो: त्याआधी इथे काय होते?

त्याचे उत्तर अवघड नाही. अल-बिरुनीने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानाबद्दल लिहिले, त्यात चार वर्ण आहेत आणि त्यांच्याबाहेर, गावाच्या कडेला ठेवलेले अंत्यजही आहेत. तो ना पोर्तुगीज ना इंग्रज. आपल्या मराठीत तर साक्षीदार त्याहून जवळचा आहे. मंगळवेढ्याचा चोखोबा चौदाव्या शतकातला; वास्को द गामाचे जहाज १४९८ मध्ये कालिकतला लागले त्याच्या दीडेकशे वर्षे आधी तो विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभा होता. त्याला बाहेर कोणी ठेवले हे सांगायला पोर्तुगीज शब्दकोश लागत नाही. आणि जात हा शब्द! 'जन्' धातूतून आलेला, जन्माला येणे याच अर्थाचा. 'काश्ता'चा अर्थ वंश, 'जाती'चा अर्थ जन्म. अनुवाद चुकला असता तर आपली बाजू मजबूत झाली असती. दुर्दैवाने तो बराच बरोबर होता.

इथे समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे, कारण ते थोडेथोडके नाही. 'कास्ट' या एका शब्दात वर्ण आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या. वर्ण हा पोथीतला चौकोनी आराखडा. जात ही गावातली, नात्यागोत्यातली, प्रांताप्रांतात बदलणारी गोष्ट. एकाच नावाची जात एका तालुक्यात मानाची आणि खाडीपलीकडे दुय्यम असू शकते. इंग्रजांनी जनगणना सुरू केली तेव्हा या सगळ्याला एका उतरंडीत बसवायचा घाट घातला. १९०१ साली जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार प्रतवारीच लावायला घेतली, आणि ठिकठिकाणच्या जाती आमचा क्रमांक वर लावा म्हणून अर्ज घेऊन धावल्या. नाकाची मापे घेऊन वंश ठरवण्याचे खूळही याच गृहस्थांचे. ही शिडी कागदावर आली, कागद कचेरीत गेला आणि कचेरीतून ती घराघरात कायम झाली. हे सारे घडले. पण त्या अर्ज घेऊन धावणाऱ्यांना वर-खाली म्हणजे काय हे रिस्लेने शिकवले नव्हते.

गोव्याबद्दल मात्र हा 'इंग्रजांनी केले' मुद्दा लागूच पडत नाही, आणि हे आपण विसरतो. इंग्रजांच्या हद्दीत आपण नव्हतो. जातवार संपूर्ण मोजणी शेवटची झाली १९३१ मध्ये, ती ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थानांची. मंडल आयोगाने मागासवर्गीयांचा अंदाज बांधला तो त्याच आकड्यांवरून. त्यात गोव्याचा ठिपकाही नव्हता. रिस्लेची शिडी मांडवी ओलांडून आली नाही, तरीही इथल्या देवळात कोणी कुठवर जायचे हे प्रत्येकाला पाठ होते.

चर्चमध्येसुद्धा. धर्म बदलला तर जात जायला हवी होती. सोळाव्या शतकात कुटुंबेच्या कुटुंबे, वाडेच्या वाडे एकदम ख्रिस्ती झाले आणि आपापली जात बरोबर घेऊन गेले. बामण (ब्राह्मण), चार्डे (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) ही नावे त्यांच्यात आजही आहेत, हे सासष्टी-बारदेशात कोणालाही विचारावे. कोंफ्रारीत, म्हणजे चर्चच्या मंडळांत, कोणाला प्रवेश, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान कोणाचा यावरून शतकानुशतके भांडणे झाली. विवाहाच्या जाहिरातींत कॅथलिक मुलगा कॅथलिक आहे एवढ्यावर भागत नाही, पुढे 'ब्राह्मण' लिहिलेले असते.

याहून मासलेवाईक गोष्ट अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोमंतकीय बामण पाद्र्याचा एक ग्रंथ १७०२ साली लिस्बनमध्ये छापला गेला. विषय, ब्राह्मणांचे कुलीनत्व. चार्डो पाद्री लेओनार्दु पाइश यांनी १७१३ मध्ये त्याच शहरातून उत्तर दिले आणि आपली क्षत्रिय कुळी श्रेष्ठ ठरवली. दोघे ख्रिस्ती, दोघे धर्मगुरू, दोघांची भाषा पोर्तुगीज, ग्रंथ छापायला लिस्बनपर्यंत गेलेले, आणि वाद कसला, तर आमच्यात वरचा कोण! त्याआधी दिवाडीचे मातेउश द काश्त्रु यांना जन्माने नेटिव्ह म्हणून इथल्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, १६३७ मध्ये बिशप झाले आणि पुढे पोर्तुगिजांविरुद्ध गोव्यातल्या ब्राह्मणांना चेतवणारे लिखाण त्यांनी केले. गोऱ्याच्या वंशाभिमानाने पोळलेल्या या तडफदार माणसाने आवाहन केले तेही आपल्याच जातीला. हे आठवले की 'आम्ही फक्त बळी होतो' हे म्हणणे घशात अडकते.

पोर्तुगिजांनी इथे काहीच केले नाही असे नाही. त्यांनी जन्माला कायद्याचा शिक्का मारला. गावकरी, म्हणजे गावच्या जमिनी सामाईक सांभाळणारी संस्था, त्यांच्या आधीची. आफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिच्या चालीरीती 'फोराल' म्हणून लिहून काढल्या, आणि लिहिलेली चाल मोडणे बोललेल्या चालीपेक्षा कितीतरी कठीण. गावकारकी बापाकडून मुलाकडे, जोण (गावाच्या उत्पन्नातला वाटा) बापाकडून मुलाकडे. देवळांचेही तसेच. १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली देवस्थानांसाठी नियम केले गेले; महाजन (देवळाचे वंशपरंपरागत सभासद) कोण, त्यांची यादी कोणती, मतदान कोणाचे हे सगळे सरकारी दप्तरात बसले. १९३३ चा तो कायदा आजही आपल्या देवळांवर चालतो. अनेक देवळांत महाजनकी ठराविक कुळांची, म्हणजे व्यवहारात ठराविक जातीची. शिगम्याला किंवा जत्रेला मान कोणाचा, पालखीला हात कोणी लावायचा यावरून गावात पोलीस बोलवावे लागतात, देवळाला कुलूप पडते, तेव्हा भांडणारे दोन्ही पक्ष पोर्तुगीज कायद्याची कलमे सांगत असतात. जातीला परकी म्हणणाऱ्यांनी खरे म्हणजे हा परका कायदा बदलायची मागणी आधी करायला हवी. ती करताना मी त्यांना फारसे पाहिलेले नाही.

आमच्यात जात विचारत नाहीत, असेही सांगितले जाते. खरे आहे. आडनाव विचारतात. मग गाव कोणता म्हणतात. तरीही उलगडा झाला नाही तर कुळदेव कोणता. तीन प्रश्नांत काम होते आणि जात हा शब्द तोंडातून काढावाही लागत नाही. अडचण आलीच तर इंग्रजी आहे: 'कास्ट' म्हटले की प्रश्न फॉर्मवरच्या रकान्यासारखा सोवळा होतो. एकीकडे हा शब्द आपला नाही म्हणायचे आणि दुसरीकडे लाज झाकायला तोच पांघरायचा, ही कसरत आपण मोठ्या सफाईने करतो.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म एका गोष्टीत पकडले: जातीतल्या जातीत लग्न. गोव्याला ही कसोटी लावावी. रोटीबंदी आता उरलेली नाही. हॉटेलात आचारी कोण हे कोणी पाहत नाही. बेटीव्यवहाराचे काय, हे ज्याने त्याने आपल्या घराण्यातल्या गेल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका काढून पाहावे.

आणि तरीही जात ही दगडावरची रेघ नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा गोव्यातच आहे. देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांनी विसाव्या शतकात स्वतःला 'गोमंतक मराठा समाज' असे नाव घेतले, संस्था काढल्या, मुलामुलींना शिकवले, जुन्या प्रथांविरुद्ध आपल्याच लोकांशी झगडा केला. या चळवळीतले एक अग्रणी राजाराम पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राचे नाव 'मी कोण?' असे आहे. त्याच समाजातून आलेले भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि बहुजन समाज हे दोन शब्द इथल्या राजकारणात पक्के बसले. या लोकांनी 'कास्ट परकी आहे' असे म्हणून हात झटकले असते तर? त्यांनी जातीला नाव घेऊन तोंड दिले, म्हणून ती थोडी हलली.

आता आकड्यांकडे, कारण मोजणीला भिणाऱ्यांना उत्तर तिथे आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. २०११ मध्ये ती झाली १,४९,२७५. दहा वर्षांत दीड लाख आदिवासी कुठून आले? कुठूनही नाही. ते काणकोण, सांगे, केपे, फोंड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत घातले गेले २००३ मध्ये. रकाना नव्हता म्हणून माणसे नव्हती. रकाना आला आणि राज्याच्या १४,५८,५४५ लोकसंख्येतला दहावा हिस्सा एकदम दिसू लागला. तरीही चाळीस जणांच्या विधानसभेत २५,४४९ लोकसंख्येच्या अनुसूचित जातींसाठी एक जागा राखीव आणि जमातींसाठी शून्य, हे चालूच राहिले. हक्कांसाठी २०११ च्या मे महिन्यात बाळ्ळीला आंदोलन झाले, त्यात दोन तरुण जिवाला मुकले. जागा राखून ठेवण्यासाठीचा कायदा संसदेने मंजूर केला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. गवळी धनगर तर अजून यादीच्या दाराबाहेरच आहेत.

यात आणखी एक गाठ आहे. जमात धर्म पाहत नाही, म्हणून कॅथलिक गावडा अनुसूचित जमातीत येतो. जातीचे तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता, नंतर शीख आणि बौद्धांपुरता. ख्रिस्ती झालेल्या महाराला तो नाही, कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही असे कायदा धरून चालतो. कायद्याने गोव्याच्या एखाद्या जुन्या कोंफ्रारीची कागदपत्रे चाळली असती तर असे धरून चालणे त्याला जड गेले असते.

मोजले की जात वाढेल, हा आक्षेप मी पोरकट मानत नाही. रिस्लेच्या वेळचा अनुभव तसाच होता. पण तेव्हा मोजणी लावली होती कोण वरचा हे ठरवायला. आता प्रश्न वेगळा आहे: जमीन कोणाकडे, पदवी कोणाकडे, सरकारी नोकरी कोणाकडे, आणि अजून मुंडकार म्हणून दुसऱ्याच्या भाटात घर कोणाचे. हे न मोजता 'आता सगळे समान' म्हणणाऱ्याला त्याचा आधार विचारला तर तो स्वतःच्या ओळखीतली दोन उदाहरणे सांगतो. आकडे नसले की जो बोलका त्याचेच खरे ठरते, आणि गोव्यात बोलके कोण राहिले आहेत हे आपल्याला ठाऊक आहे.

मोजणी वाईट पद्धतीनेही होऊ शकते. १९३१ मध्ये नोंदल्या गेलेल्या जाती होत्या ४,१४७. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी जे सांगितले ते तसेच्या तसे उतरवले गेले आणि नावांची संख्या ४६ लाखांवर गेली. कुळे, गोत्रे, आडनावे, लिहिण्यातल्या चुका, सगळे जातीच्या रकान्यात. ते आकडे वापरण्याजोगे नाहीत असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. गोव्यात हा घोळ आणखी दाट होईल, कारण इथे एकच नाव कोकणीत एक, मराठीत दुसरे, पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत तिसरे. चार्डो, चाड्डी, क्षत्रिय असे तीन प्रकारे लिहिलेले एकाच वाड्यातले शेजारी तीन जातींचे ठरतील. कुणबी म्हटले तर गोव्यातला कुणबी जमातीत आणि दोडामार्गच्या पलीकडचा कुणबी इतर मागासवर्गीयांत.

म्हणून २०२७ च्या जनगणनेचे गणक घरी येण्याआधी राज्य सरकारने एक काम उरकावे. गोव्यात खरोखर बोलली जाणारी जातींची नावे, हिंदूंची आणि ख्रिस्त्यांचीही, देवनागरीत आणि रोमीत, पर्यायी रूपांसह जाहीर करावीत, त्यांवर हरकती मागवाव्यात आणि मग ती यादी गणकांच्या हाती द्यावी. मुसलमान मोहल्ल्यांतही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जावा. गणकाने आडनावावरून तर्क करू नये; जात नाही असे सांगणाऱ्याचे तेही लिहून घ्यावे. आणि ज्यांना 'कास्ट' या पोर्तुगीज शब्दाचा खरोखरच विटाळ वाटतो त्यांची सोय तर फारच सोपी आहे. फॉर्मवर मराठीत 'जात' असे छापावे.